आर्डिससाठी हलकी काडतुसं

"धक्का? कसला धक्का? अरे, या रायफलीचा धक्का म्हणजे पाठीवर शाबासकीची थाप!"

हे वाक्य वेंडेल ऑस्टबी मार्च महिन्यापासून गावभर ऐकवत होता. कॅफेत ऐकवायचा, पेट्रोल भरताना ऐकवायचा. दंतवैद्याच्या खुर्चीत तोंडात कापूस कोंबलेला असतानासुद्धा त्याने ते म्हणून पाहिलं होतं, पण तिथे ते कोणाला नीट कळलं नाही.

रायफल होतीच तशी! चारशे सोळा कॅलिबरची. एकेक काडतूस मधल्या बोटाहून लांब. आफ्रिकेत हत्ती अंगावर धावून आला तर त्याला जागच्या जागी बसवायला बनवलेली चीज. आता मोंटानात हत्ती नसतात, हे वेंडेललाही ठाऊक होतं. आमच्या कॉटनवुड फ्लॅट गावात तर गाईसुद्धा अंगावर येत नाहीत. पण झालं काय, की वेंडेलच्या साठाव्या वाढदिवसाला ड्वेन क्रायट्झर केक खाता खाता बोलून गेला. ड्वेन म्हणजे त्याचा चाळीस वर्षांपासूनचा शिकारीतला जोडीदार. दर ऑक्टोबरला दोघं डोंगरात तंबू ठोकतात आणि एल्कच्या, म्हणजे घोड्याएवढ्या सांबराच्या, मागे आठ दिवस पाय मोडेपर्यंत हिंडतात.

"साठी झाली वेंडेल! आता माणसाने मऊ खावं, लवकर झोपावं आणि रायफल जरा छोटी वापरावी," ड्वेन म्हणाला.

झालं! चौथ्या दिवशी वेंडेल बिलिंग्जला जाऊन ही तोफ घेऊन आला. सोबत कंपनीच्या वीस काडतुसांचा डबा, वर रानरेड्याचं चित्र. रेडा बघणाऱ्याकडे असा बघत होता, की जणू वेंडेलकडे त्याचा काही जुना हिशोब बाकी आहे.

पहिल्यांदा रायफल चालवायला वेंडेल एकटाच खडीच्या खाणीत गेला. तिथे त्याने तीन बार काढले. पहिल्या बाराला टोपी उडाली. दुसऱ्या बाराला रायफलीवरची दुर्बीण मागे येऊन भुवईवर आदळली आणि तिथे चंद्रकोर उमटली. तिसऱ्या बाराचं त्याला फारसं आठवत नाही. घरी आल्यावर आर्डिसला, म्हणजे बायकोला, त्याने सांगितलं की फ्रीजरचं दार लागलं.

"फ्रीजरचं दार वरच्या बाजूला उघडतं," आर्डिस म्हणाली.

"म्हणून तर भुवईला लागलं!" वेंडेल म्हणाला आणि तडक गॅरेजमध्ये गेला.

खांदा आठवड्याभरात बरा झाला. भुवईही भरली. पण दचक काही जाईना! बंदूकवाल्यांना हा रोग माहीत असतो. रायफलीने एकदा जबर लाथ मारली, की पुढच्या वेळी घोडा दाबायच्या आधीच अंग आकसतं, डोळे गपकन मिटतात आणि नळी खाली जाते. वेंडेलने रिकाम्या रायफलीवर सराव करून पाहिला. आत काही नाही हे माहीत असूनही डोळे मिटायचे! नुसता 'टक' आवाज होणार हे ठाऊक असून हा गडी आंधळी कोशिंबीर खेळत बसायचा.

आणि ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी होता नेम बसवायचा दिवस. त्या दिवशी आख्खं गाव रायफल क्लबच्या मैदानावर जमतं. शिकारीच्या मोसमाआधी प्रत्येकाने शंभर यार्डावरच्या कागदी टार्गेटवर बार काढून आपला नेम ठीक करायचा, आणि मग ज्याला हौस असेल त्याने दोनशे यार्डावरचा लोखंडी बायसन पाडून दाखवायचा. बायसन म्हणजे इकडचा रानगवा, तोही जाडजूड पत्र्याचा, बिजागरीवर उभा. साध्या रायफलीच्या गोळीने तो नुसता 'ठण्' करतो आणि उभा राहतो. वेंडेलने सहा महिने गावाला सांगितलं होतं, की यंदा बायसन आडवा होणार.

मग वेंडेलच्या डोक्यात आयडिया आली. आणि आयडिया कशी, तर एकदम झकास! काडतुसं घरीच भरायची. हलकी!

घरी काडतुसं भरणं ही आमच्याकडे नवलाची गोष्ट नाही. हिवाळ्यात बायका गोधड्या शिवतात आणि पुरुष गॅरेजमध्ये बसून काडतुसं भरतात. तीच पितळेची पुंगळी, तेच रूप, पण आत सौम्य जातीची दारू आणि पुढे हलकी गोळी. पुस्तकात कोष्टकं दिलेली असतात, त्याबाहेर कणभरही जायचं नाही. बाहेरून वाघ, आतून मांजर! कोणाला कळणार होतं? मैदानावर सगळ्यांच्या कानांवर आवाज अडवणारे जाडे इअरमफ असतात. बार मोठा झाला की छोटा, हेसुद्धा कोणाला धड ऐकू येत नाही.

वेंडेल मोठ्या खुशीत मार्लिसच्या हार्डवेअरच्या दुकानात गेला. मार्लिस दुकानही चालवते, आणि नेमाच्या दिवशी मैदानावर भोंगा घेऊन हुकूम सोडायचं कामही तिचंच असतं. एरवी भोंग्याची तिला गरज नसते.

"सौम्य दारू?" मार्लिसने डबा उलटसुलट करून पाहिला. "आणि हलक्या गोळ्या? चारशे सोळासाठी? तुझ्या त्या शाबासकीवाल्या रायफलीसाठी?"

दुकानात आणखी चार माणसं होती. चारही माना वळल्या.

"माझ्यासाठी नाही काही!" वेंडेल घाईघाईने म्हणाला. "आर्डिससाठी."

"आर्डिससाठी?"

"हो! तिला यंदा शिकारीला यायचंय."

मार्लिसने चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "या गावातल्या बायकांचे खांदे भलतेच नाजूक दिसतात बाई! हलका माल जातो तो सगळा त्यांच्याच नावावर. बरं, मी आर्डिसचं नाव शनिवारच्या यादीत घालते."

"नको नको! तिला कशाला..."

"घातलं सुद्धा!" मार्लिस म्हणाली.

वेंडेल घरी पोहोचेपर्यंत ही बातमी कॅफेत पोहोचली होती. रविवारी ती चर्चच्या तळघरात पोहोचली, जिथे प्रार्थनेनंतर कॉफी असते आणि जिथे पोहोचलेली बातमी पुन्हा बाहेर निघेपर्यंत दुप्पट होते. त्या रविवारी वेंडेलने पोटात दुखण्याचं निमित्त करून चर्चला दांडी मारली होती. गाडीचा आवाज आला तसं त्याला खरंच पोटात दुखायला लागलं.

आर्डिस आत आली. तिने कोट काढला, खुर्चीवर ठेवला आणि त्याच्यासमोर उभी राहिली. ती एकोणतीस वर्षं शाळेची बस चालवत आली आहे. चाळीस पोरांना मागच्या आरशातून नुसत्या नजरेने गप्प करणारी बाई! ती नजर तिने वेंडेलवर धरली.

"खरंय का हे?"

"काय?" वेंडेलने विचारलं.

"तू माझ्यासाठी काडतुसं भरतोयस म्हणे. मला शिकारीला न्यायचंय म्हणे तुला."

आता खरं सांगून टाकायची हीच वेळ होती. वेंडेलने तोंड उघडलंसुद्धा. पण तेवढ्यात आर्डिसच्या डोळ्यांत पाणी तरळलं! एकोणतीस वर्षांत उणे तीस डिग्रीत बस बंद पडली तेव्हाही ज्या डोळ्यांत पाणी आलं नव्हतं, त्या डोळ्यांत!

"चौतीस वर्षं झाली लग्नाला," ती म्हणाली. "दर ऑक्टोबरला तू ड्वेनबरोबर जातोस. मी डबे भरून देते, मोजे भरून देते आणि दारात उभी राहून हात हलवते. एकदासुद्धा विचारलं नाहीस, की आर्डिस, तू येतेस का? मी म्हटलं, नसेल सुचत याला. आणि आज त्या सगळ्या बायका मला म्हणतात, आर्डिस, तुझं भाग्य बाई!"

वेंडेलने उघडलेलं तोंड बंद केलं.

"येतेस ना मग?" एवढंच तो म्हणाला.

"येते म्हणजे काय! येतेच!" आर्डिसने नाक पुसलं आणि स्वयंपाकघरात जाऊन त्याच्यासाठी बटाट्याची लेफ्से, म्हणजे नॉर्वेकडची पातळ पोळी, लाटायला घेतली. लेफ्से खरं म्हणजे नाताळात करतात.

त्या दिवसापासून वेंडेलच्या जिवाला घोर लागला. भीती कळली तर गाव हसेल, ते एक वेळ परवडलं. पण ती काडतुसं तिच्यासाठी नव्हतीच, हे आर्डिसला कळलं तर? तिकडे आर्डिसने नारिंगी जाकीट आणलं, लोकरी टोपी आणली, आणि जेवताना एल्क कुठल्या वाऱ्याला कसा चरतो यावर व्याख्यान द्यायला लागली. वेंडेल ताटाकडे बघत मान डोलवायचा.

गॅरेजमध्ये त्याने दोन डबे तयार केले. आता इथे आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. काडतुसं भरली, की आत काय भरलंय ते चिठ्ठीवर लिहून डब्याला चिकटवायचं आणि मगच टेबलावरून उठायचं. त्या चिठ्ठीवर माणसाचा डोळा आणि खांदा विसंबून असतो. माणूस एल्क केवढा होता याबद्दल खोटं बोलेल, वयाबद्दल बोलेल, पण डब्यावरच्या चिठ्ठीत कोणी खोटं लिहीत नाही. तसलं काम केलेला माणूस आमच्या गावात अजून जन्माला यायचा होता.

पिवळ्या डब्यावर वेंडेलने लिहिलं: 'हलकी. आर्डिस.' हे खरं होतं. लाल डब्यातही त्याने तीच हलकी काडतुसं भरली. मग बराच वेळ पेन हातात धरून बसला, दाराकडे एकदा बघितलं आणि लिहिलं: 'पूर्ण जोर. वेंडेल.'

शनिवारी मैदानावर ही गर्दी! ट्रकांची रांग लागलेली, एका टेबलावर चिली, म्हणजे एल्कच्या मटणाचा तिखट रस्सा, एकावर ॲपल-पाय, आणि मधोमध भोंगा घेतलेली मार्लिस. वेंडेलने चार नंबरच्या बाकावर आपलं दुकान मांडलं. पिवळा डबा, लाल डबा, आणि रुबाबासाठी तो कंपनीचा रेड्याचा डबाही. त्यातली सतरा काडतुसं अजून शिल्लक होती. पाच नंबरला ड्वेन होता.

"काय वेंडेल, आज बायसनचा शेवटचा दिवस म्हणायचा का?"

"त्याच्या घरच्यांना कळवून ठेव!" वेंडेल म्हणाला.

कानांवर इअरमफ चढले. वेंडेलने लाल डब्यातलं काडतूस घातलं, रायफल खांद्याला लावली. 'हलकं आहे, मांजर आहे, मांजर आहे,' असं मनात तीनदा म्हणाला. आणि घोडा दाबायच्या आधीच गपकन डोळे मिटले! गोळी टार्गेटच्या पुढे जमिनीत घुसली आणि धुळीचा लोट उठला. दुसरी गोळी त्याच्याही अलीकडे. तिसरी कुठे गेली ते कोणालाच दिसलं नाही. सगळे उगाच आकाशाकडे बघायला लागले.

"वारा!" वेंडेल ओरडला.

क्लबचा झेंडा खांबाला ओल्या टॉवेलसारखा चिकटून लोंबत होता.

"चार नंबर, आता आर्डिस ऑस्टबी!" मार्लिसचा भोंगा कडाडला. "हलक्या काडतुसांसहित!"

आर्डिस बाकावर बसली. बसच्या सीटवर बसते तशीच, ताठ आणि निवांत. पिवळ्या डब्यातून काडतूस घेतलं, नेम धरला, बार! गोळी कागदाच्या खालच्या कडेला लागली. हलकी गोळी तेवढी खाली पडणारच. दुर्बीण दुकानातूनच जड काडतुसांवर बसवून आलेली होती आणि ती बदलायला वेंडेल कोणाच्या देखत मैदानावर येणार होता?

"वीतभर खाली लागतंय," आर्डिस स्वतःशीच म्हणाली. "वर धरते." बार! काळ्या वर्तुळात! बार! पुन्हा काळ्या वर्तुळात, आधीच्या भोकाला खेटून!

मैदानावर टाळ्या पडल्या. आर्डिसचे गाल लाल झाले होते. ती वेंडेलकडे वळून म्हणाली, "अरे, किती गोड चालते ही! काहीच त्रास नाही. थांब, तुझंही एक मारून बघते."

आणि वेंडेलचा हात पोहोचायच्या आत तिने लाल डब्यातलं काडतूस उचललं, घातलं आणि उडवलं!

"हं," ती म्हणाली. "मला तर काही फरक वाटला नाही!"

बाकांवर एकच कल्लोळ उसळला! "पूर्ण जोराचं होतं ते!" "चारशे सोळाचं!" "आणि पापणी हलली नाही बाईची!" ड्वेनने तोंडातली तंबाखू नकळत गिळली आणि त्याला ठसका लागला. मार्लिसने भोंगा उचलला: "पूर्ण जोराचं चारशे सोळा, आर्डिस ऑस्टबी, वय अठ्ठावन्न! पुरुषांनी आपापल्या खांद्यांचा विचार करावा!"

"वय कशाला सांगते ही?" आर्डिस म्हणाली, पण खूश होती. चौतीस वर्षांत वेंडेलने तिला इतकं खूश बघितलं नव्हतं. त्याने हळूच डबे आवरायला घेतले.

"एवढं पुरे हं आर्डिस! चल, चिली खाऊ. संपेल."

"चिली कुठे पळत नाही!" ड्वेन ठसका आवरत म्हणाला. "घरी भरलेल्या काडतुसाचं काय सांगावं? भरणाऱ्याचा हात कमीजास्त होतो. कंपनीचं मारून दाखव आर्डिस! बायसनवर! मग मी टोपी काढतो."

"बायसन! बायसन!" लोक ओरडायला लागले.

आणि आर्डिसने रेड्याच्या डब्यातलं काडतूस उचललं.

ते काडतूस मांजर नव्हतं! ते खरंखुरं होतं. आणि आर्डिस हलक्या बारांच्या भरवशावर रायफल नुसती खांद्याला टेकवून, मान पुढे घालून, दुर्बिणीला डोळा जवळजवळ चिकटवून बसली होती. वेंडेलला आपली भुवई ठणकल्यासारखी वाटली. गप्प राहिलो तर अब्रू वाचते, तो मनात म्हणाला. एकच बार आहे. एक सेकंद.

"थांब!" तो एवढ्या मोठ्याने ओरडला, की इअरमफ घातलेले पन्नास जण वळले. "आर्डिस, थांब! खाली ठेव ती! ती मारते! ती गाढवासारखी लाथ मारते!"

"अरे, पण मी आत्ताच तुझं पूर्ण जोराचं..."

"ते पूर्ण जोराचं नव्हतं! तेही हलकंच होतं. दोन्ही डबे हलके आहेत!"

सगळ्यांनी इअरमफ काढले. हे ऐकण्यासारखं होतं.

"मला भीती वाटते," वेंडेल म्हणाला. "मार्चपासून वाटते. मी घोडा दाबताना डोळे मिटतो. भुवईला फ्रीजर लागला नव्हता, ही लागली होती."

एक-दोघांनी बुटांकडे बघत माना डोलावल्या. पण ड्वेनने लाल डबा उचलला आणि चिठ्ठी मोठ्याने वाचली.

"'पूर्ण जोर'... वेंडेल! हे तू लिहिलंस? आत हलकी काडतुसं असताना?"

"लिहिलं."

"चिठ्ठीवर?"

"हो रे बाबा, चिठ्ठीवर!"

गर्दीतून 'अरे देवा!' असा आवाज आला. ॲपल-पायच्या टेबलाजवळच्या एका म्हाताऱ्याने टोपी काढून छातीशी धरली. भीतीचं सोडा, चोरी केली असती तरी गावाने समजून घेतलं असतं. पण चिठ्ठी!

आर्डिस मात्र चिठ्ठीकडे बघत नव्हती. ती वेंडेलकडे बघत होती.

"म्हणजे ती काडतुसं माझ्यासाठी नव्हती," ती म्हणाली.

"नव्हती," वेंडेल म्हणाला. "दुकानात तोंडातून तुझं नाव निघून गेलं. लाज वाटली म्हणून."

"आणि मी जाकीट घेतलं. मी सगळ्या गावाला सांगत फिरले, की माझ्या नवऱ्याला माझी आठवण झाली." तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर वेंडेलला बरं वाटलं असतं.

"आर्डिस, ऐक तर. नाव निघून गेलं ते खरं. पण नंतर पिवळा डबा मी तुझ्यासाठीच भरला. तू येणार म्हटल्यावर. लाल डब्यातली दारू मी एकेकदा तोलली. तुझ्या डब्यातली प्रत्येक पुंगळी तीन-तीनदा तोलली. वीस काडतुसांना दोन दिवस लागले मला. चौथ्यांदाही तोलणार होतो, पण तराजूची बॅटरी संपली."

काडतुसं भरणाऱ्या माणसांच्या गर्दीत या बोलण्याला किंमत असते. दोन-चार जण खाकरले. मार्लिसने भोंगा खाली ठेवून चष्मा पुसला.

आर्डिसने इअरमफ पुन्हा चढवले.

"मागे सरका सगळे."

"आर्डिस, नको! मी सांगतो ना, ती..."

"ऐकलं मी. लाथ मारते. मला बघायचंय, माझा नवरा सहा महिने कशाला घाबरत होता." तिने रायफल या वेळी खांद्यात घट्ट रुतवली, मान मागे घेतली, पाय रोवले. वेंडेलने डोळे मिटले. सवयच होती.

धडाम्!

बाक हललं. कॉफीचा थर्मास आडवा झाला. आर्डिसची टोपी मागे उडाली आणि चष्मा एका कानाला लोंबकळू लागला. वर नेम धरायची सवय तशीच राहिल्यामुळे गोळी बायसनच्या वशिंडात बसली होती. लोखंडी बायसन क्षणभर विचारात पडल्यासारखा हलला आणि मग सगळ्या गावादेखत मागच्या मागे आडवा झाला!

मैदानावर जो गिल्ला उठला, तो म्हणे महामार्गापर्यंत ऐकू गेला. ड्वेनने टोपी काढलीच, शिवाय ती हवेत फेकली.

आर्डिसने चष्मा नाकावर बसवला. खांदा चोळला. मग वेंडेलकडे वळून म्हणाली, "बाप रे!"

"मी म्हणत नव्हतो?"

"हे तू एकट्याने सोसलंस? खाणीत? आणि घरी येऊन फ्रीजरची गोष्ट सांगितलीस? मूर्ख माणसा! मला वाटलं, उगाच घाबरतोस. अरे, हे घाबरण्यासारखंच आहे!" ती एकदम हसायला लागली. मग वेंडेलही हसला. त्याला सहा महिन्यांत इतकं हलकं वाटलं नव्हतं.

"ये, बस इथे," ती म्हणाली. पिवळ्या डब्यातलं एक काडतूस काढून तिने त्याच्या हातात ठेवलं. "हे माझ्या डब्यातलं आहे. तीनदा तोललेलं. एक वीत वर धर. आणि डोळे उघडे ठेव. मी इथेच उभी आहे."

वेंडेल बसला. पूर्ण गाव श्वास रोखून बघत होतं. त्याने रायफल खांद्याला लावली, घाम पुसला. पापण्या मिटायला लागल्या. त्याने त्या सगळं बळ एकवटून वर ओढून धरल्या. बार!

आणि त्याने बघितलं! मार्चपासून पहिल्यांदा बघितलं. नळीच्या तोंडाशी उठलेला धूर बघितला, थरथरलेला कागद बघितला आणि काळ्या वर्तुळाच्या अगदी मधोमध पडलेलं भोक बघितलं.

"लागली!" तो उठून नाचायला लागला. "मधोमध! आर्डिस, मधोमध!"

मार्लिसने मोठी दुर्बीण डोळ्यांना लावली. बराच वेळ बघितलं. मग भोंगा उचलला.

"वेंडेल ऑस्टबी, दहापैकी दहा! अगदी मधोमध!" ती थोडी थांबली. "पाच नंबरच्या टार्गेटवर."

पाच नंबर ड्वेनचा होता.

"कोणी माझ्या कागदाला हात लावायचा नाही!" ड्वेन केव्हाच टार्गेटच्या दिशेने निघायच्या तयारीत उभा होता. "चाळीस वर्षांत पहिल्यांदा माझ्या कागदावर दहा पडलेत! मी तो फ्रेम करणार आहे!"

वेंडेल नाचता नाचता थांबला आणि हळूच खाली बसला. आर्डिसने त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"डोळे उघडे होते ना?"

"सताड!"

"मग झालं तर," आर्डिस म्हणाली. "आता पुढच्या वेळी नंबरपण वाचायचा."